हातभर आत

बा गटारात उभा होता. पोटऱ्यांपर्यंत पाणी. पाणी म्हणायचं म्हणून म्हणायचं. खरकटं, राखेचा गाळ, साबणाचा फेस, न्हाणीतून आलेलं काळं काहीतरी. त्यात उभा राहून तो रोह्याच्या गुरुजींच्या घराची वई बांधत होता. मी ओटीवर बसले होते. माझ्या हातात बेसनाचा लाडू होता आणि मी तो खात होते.

हे पहिलं सांगून टाकते. मागाहून सांगायला गेले तर जीभ वळवायची आणि स्वतःला चांगलं दाखवायची सवय मला आहे. इतकी वर्षं तेच केलं.

वई म्हणजे आमच्याकडचं कुंपण. बांबूचे खुंट रोवायचे, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, मधे काटेरी फांद्या खोचायच्या आणि काथ्याने आवळायचं. पावसात कुजते म्हणून दरवर्षी नव्याने बांधावी लागते. आमचं गाव पेणचं, खाडीच्या अंगाला. उन्हाळ्यात बा मिठागरावर असायचा आणि पावसाळा सरला की वई बांधायला जायचा. त्याची गाठ सुटत नाही असं लोक म्हणायचे, म्हणून पार रोह्यापर्यंत त्याला बोलावणं यायचं. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी होती. आई भातकापणीला गेलेली. मी तिसरीत, मला घरी एकटीला ठेवणार कोण? बाने मला बरोबर घेतलं. पॅसेंजरने कासू गेलं, नागोठणे गेलं, मी खिडकीला नाक लावून बसले होते. बाच्या खांद्यावर काथ्याची गुंडी, मांडीवर कोयता. मी खुशीत होते.

बाचा एक नेम होता. हद्दीवर खुंट रोवायचा नाही. हद्दीपासून हातभर आत रोवायचा, ज्याची वई त्याच्याच जागेत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. वई दोन्ही बाजूंनी बांधावी लागते. बाहेरच्या बाजूने गाठ मारताना बांधणाऱ्याचा पाय दुसऱ्याच्या जागेत पडता कामा नये, म्हणून ती हातभर जागा. शेजारीही असाच हात सोडतो. दोघांचा मिळून दोन हातांचा बोळ होतो. आमच्या गावात बायका त्याच बोळांतून हंडे घेऊन जातात, पोरं शाळेत जातात, पालखी तेवढी पुढून जाते. हे बोळ कुणी दिलेले नाहीत आणि कुणी मागितलेले नाहीत. कागदावर ते कुठेच नाहीत.

गुरुजींच्या घराला एका अंगाने गटार होतं. हद्द अगदी गटाराच्या काठाला. दोन टोकांना हद्दीचे दगड. बाने हातभर आत खुंट रोवायला सुरुवात केली, म्हणजे गटाराच्या काठाने कोरडी पट्टी राहिली. घरामागे भाड्याच्या खोल्या होत्या, त्या मागच्या खोल्यांतली माणसं त्या पट्टीवरून येत-जात होती.

अंगण सारवलेलं होतं, रांगोळी घातलेली होती. बाने आत यायचं नाही, जे करायचं ते बाहेरून, असं त्याला दरवर्षीच सांगितलेलं असायचं. मला मात्र काकूंनी हाक मारली. काकू म्हणजे गुरुजींची बायको. त्या काट्यांत काय करतेस, वर ये, म्हणाल्या. मला ओटीवर बसवलं. कितवीत आहेस विचारलं, पाढे म्हणायला लावले. मी बाराचा पाढा न अडखळता म्हटला. हुशार आहे गं पोर, म्हणाल्या आणि लाडू दिला. शेजारच्या पायरीवर त्यांचा मोठा मुलगा पुस्तक घेऊन बसला होता. त्यानेही कौतुकाने बघितलं. मी फुगले.

मग काकूंनी सहज विचारलं. खुंट हद्दीवरच रोवतोय ना गं तुझा बाप? तुला शाळेत शिकवलं असेल मोजायला. बघ आणि सांग मला.

शाळेत आम्हाला खरंच तेव्हा पट्टी शिकवत होते. मी एक डोळा मिटून या दगडापासून त्या दगडापर्यंत बघितलं. खुंट रेषेत नव्हते. मला वाटलं बा चुकला. खरं सांगते, तसंच वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की सांगितलं तर आणखी एक मिळेल.

मी म्हटलं, "काकू, बा आत घेतोय. हातभर."

मला दुसरा लाडू मिळाला.

काकूंनी आत जाऊन सांगितलं. गुरुजी बाहेर आले. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, गावात मान मोठा. आवाज चढवला नाही त्यांनी. ओटीच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "आमची जागा गटाराला दान करतोस होय रे? चोर लेकाचा. काढ सगळे."

बाने हात जोडले. म्हणाला, "गुरुजी, पाय ठेवाया जागा लागते."

"गटार आहे ना. त्यात उभा राहा."

बाने एकवीस खुंट उपटले. मी मोजले, मला मोजायचा नाद लागला होता ना तेव्हा. मग ते सगळे गटाराच्या काठाला रोवले आणि तो खाली उतरला. तो पाण्यात वाकून गाठी मारत होता आणि मागच्या खोल्यांतली माणसं गटारापलीकडून बघत होती. मधेच न्हाणीच्या पाइपातून पाणी आलं आणि त्याच्या पायांवर पडलं. काकूंनी मुद्दाम नाही सोडलं. भांडी घासायची वेळ झाली होती, एवढंच. मुद्दाम केलं असतं तर आज मला थोडं बरं वाटलं असतं.

मी दुसरा लाडू संपवला. बोटं चाटली.

परत येताना बाने रोहा स्टेशनच्या नळावर पाय धुतले. धुतच राहिला. मागची बाई कळशी घेऊन उभी, ती वैतागली. गाडीत तो बाकावर बसला नाही, दाराजवळ खाली बसला, वास येईल म्हणून. मी बाकावर बसले आणि झोपले. घरी आईने विचारलं कसला वास मारतोय, तर घसरलो म्हणाला. पायाला कुठेतरी काटा लागलेला, त्यात ते पाणी गेलं. पाय सुजला. पुढे महिनाभर कामाला जाता आलं नाही त्याला. आई गरम पाण्याने शेकायची आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचे.

कुणीच मला काही विचारलं नाही. बाला ठाऊक नाही असं मी धरून चालले. ते सोयीचं होतं.

मी शिकले. पेणला बारावी केली, कॉम्प्युटरचा कोर्स केला. लग्न झालं. नवरा नागोठण्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. आम्ही पेणला खोली घेऊन राहतो. बा गावातच आहे, आई गेली. आमच्या गावाच्या शिवेला भाताची शेतं होती, ती विकली गेली आणि तिथे बंगल्यांची स्कीम आली. तिच्या सोसायटीच्या ऑफिसात मला नोकरी लागली. अध्यक्ष कोण, तर गुरुजींचा तोच मुलगा. पेणच्या कॉलेजात शिकवतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सर म्हणते.

पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, बाचं नाव विचारलं आणि एकदम हसले. आमची वई बांधायचा त्याची मुलगी तू? अगं मग घरचीच की. कमिटीतल्या चार जणांना त्यांनी तसंच सांगितलं, ही आमच्या घरचीच. मला चीड यायला हवी होती. नाही आली. बरं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं.

सोसायटीची नियमावली मी टाइप केली. कुंपणावर त्यात दोन पानं होती. उंची छातीइतकीच हवी. काटेरी झाडं नकोत. वेल रस्त्यावर येता कामा नये. वर कपडे वाळत घालायचे नाहीत. दर दिवाळीआधी रंग. सात वर्षं मी टेप घेऊन फिरले. आणि काय सांगू, मला ते आवडायचं. एका म्हाताऱ्या बाईने कुंपणावर गोधडी टाकली होती, नात आजारी होती, गोधडी ओली झाली होती, ती हातापाया पडली. मी तिला नोटीस दिली. एकाचा रंगारी कुंपण रंगवताना सोसायटीच्या बागेच्या जागेत उभा राहिला म्हणून मी त्या माणसाला अख्खी जाळी मागे घ्यायला लावली. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, मॅडम आल्या. गावातल्या बाया कामाला यायच्या, त्याही मॅडम म्हणायच्या. मला गावच्यासारखं गो म्हणणारं तिथे कुणी राहिलं नव्हतं.

सरांचा प्लॉट शेवटचा, गावाला लागून. त्याच्या पलीकडे माझ्या आत्याचं घर. बाची सख्खी बहीण. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहून तिने दिवस काढले. तिचं घर हद्दीपासून हातभर आत बांधलेलं. सरांच्या प्लॉटवर आधी ज्याचं शेत होतं त्यानेही हात सोडून वई घातलेली. मधे दोन हातांचा बोळ. आत्याला रस्त्यावर यायला तोच. मागे दुसऱ्याच्या घराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला खाडीकाठच्या खाजणाचा बांध, पाऊस सरला तरी चिखलच.

गेल्या दिवाळीनंतर सरांनी जुनी वई काढून टाकली आणि मला बोलावलं. "इंचभरही सोडायचा नाही," म्हणाले. "तुला कळतं यातलं. रक्तातच आहे तुझ्या."

दोरी मी धरली. चुन्याची फक्की मी मारली. मोजणीच्या दगडापासून दगडापर्यंत, सरळ, एक डोळा मिटून. आत्या दारात सुकट निवडत बसली होती. तिने फक्कीची रेघ बघितली.

"गो," ती म्हणाली, "हात नाय सोडलास."

मी म्हटलं, आत्या, नकाशात बोळ नाय. ते खरं होतं. नकाशात बोळ नव्हता, सातबाऱ्यावर वहिवाटीची नोंद नव्हती. आत्या खाली बघून सुकट निवडायला लागली. दोन दिवसांत लोखंडी खांब उभे राहिले, जाळी ताणली गेली. एक हात उरला. तो आत्याचा स्वतःचाच होता. सरांचा हात जाळीच्या आत गेला, तिथे आता हिरवळ आहे.

आत्या आडवी होऊन चालायला लागली. कळशी कमरेवर घेता येईना, म्हणून पुढे धरून, अर्धीच भरून. पदर जाळीत अडकायचा. मी जाता-येता बघायची आणि स्वतःला म्हणायची, सवय होईल.

यंदाच्या पावसात आत्या तिच्याच पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि बजावलं, रोज चालवा, रस्त्यावर सपाटीला चालवा, बसून राहिली तर कायमची बसेल. आम्ही तिला खुर्चीत बसवून बांधावरून आणलं, चार जणांनी उचलून, चिखलात घसरत. दुसऱ्या दिवशी ती वॉकर घेऊन दारात आली.

वॉकर बोळात गेला नाही.

आडवा करून बघितला. तिरपा करून बघितला. मी स्वतः बघितला. हातभर जागेत वॉकर मावत नाही, दोन हातांत आरामात मावतो. आत्याने वॉकरच्या दांड्यावरून हात फिरवला आणि तो भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाली, राहू दे बाय, घरातल्या घरात फिरेन. घर केवढं? चूल ते उंबरा आठ पावलं. महिनाभराने तिचे पाय काठीसारखे झाले होते.

मला अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, तू कशाला मनाला लावून घेतेस, नियम काय तू केलास? त्याला काय सांगणार होते मी. रोह्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी कमिटीची मीटिंग होती. चहा झाला, फराळाचा डबा फिरला. सगळे विषय संपल्यावर मी उभी राहिले. सरांना म्हटलं, माझी आत्या वॉकरवर आहे, तुमची जाळी त्या एका बाजूला हातभर मागे घेतली तर ती रस्त्यावर येईल. हात जोडूनच म्हटलं. बानेही जोडले होते.

सर रागावले नाहीत. हसले. कमिटीकडे वळले आणि गोष्ट सांगावी तशी सांगायला लागले. ही तिसरीत असेल. हिचा बाप आमची वई आत घेत होता. कुणी पकडला? हिने. आमच्या आईच्या शेजारी ओटीवर बसून, लाडू खात. आई अजून सांगते, अशी प्रामाणिक पोर बघितली नाही. बापाला सोडलं नाही हिने.

सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, वा गं. एकाने टाळी वाजवली.

"आणि आता स्वतःच्या आत्याची गोष्ट आली तर हात मागे घ्या म्हणते," सर म्हणाले. "नियम तो नियम. घे, लाडू घे."

डबा माझ्यापुढे आला. बेसनाचे होते. मी एक उचलला. थँक्यू सर म्हटलं.

याची मला जेवढी लाज वाटते तेवढी तिसरीतल्याची वाटत नाही. तिसरीतली पोर होती. ही चाळिशीची बाई होती. तिला ठाऊक होतं ती काय उचलतेय.

लाडू मी खाल्ला नाही. तिथून सरळ गावात गेले. मुठीत तो चेपला, तूप बोटांना लागलं. बा पडवीत बसून काथ्या वळत होता. आता वई बांधायला कुणी बोलावत नाही, तरी वळतो. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. बा, रोह्याला ते मी सांगितलं होतं. तू आत घेतोयस म्हणून. मी सांगितलं.

बाने वळणं थांबवलं नाही.

"ठाऊक हाय," म्हणाला. "गटारातून ओटी दिसते."

इतकी वर्षं. पाय शेकताना मी पाढे म्हणायचे तेव्हाही त्याला ठाऊक होतं. मला पहिलं पेन आणून दिलं तेव्हाही, लग्नात माझ्याकडे बघून रडला तेव्हाही. मी रडायला लागले. म्हटलं, बा, मग बोललास का नाय कधी, मार का नाय दिलास. त्याने नवा काथ्या ओढून घेतला. माझ्या पाठीवरून हातही फिरवला नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. नाही फिरवला.

पीळ संपल्यावर म्हणाला, "तवा त्या बाईने विचारलं, तू सांगितलंस. आता तुझी आत्या विचारते. तिला काय सांगणार?"

लाडू मी कोंबड्यांना टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर सरांच्या कुंपणाला रंग चालू होता. दिवाळीआधीचा रंग, माझाच नियम. मी बघायला गेले. रंगारी आत्याच्या बोळात उभा होता. आतून सरांची हिरवळ आणि फुलझाडं, ती तुडवायची नाहीत असं त्याला बजावलेलं. आत्या उंबऱ्याच्या आत सरकून बसली होती, रंगाचे थेंब उडत होते म्हणून. तिच्या वॉकरवर हिरवे ठिपके पडले होते.

मी मागे फिरले आणि नियमावली काढली. सात वर्षांपूर्वी मीच टाइप केलेली. कुंपणाच्या दुसऱ्या पानावर खाली लिहिलं होतं. कुंपणाची देखभाल, रंग आणि छाटणी मालकाने स्वतःच्या हद्दीत उभं राहूनच करावी, आणि त्यासाठी लागणारी जागा हद्दीच्या आतल्या बाजूस सोडूनच कुंपण घालावं. हाच नियम दाखवून मी त्या बागेजवळच्या माणसाला जाळी मागे घ्यायला लावली होती. माझ्या हाताखालून गेला होता हा नियम, शंभर वेळा गेला असेल. बाचाच नेम होता तो. कुणा शिकलेल्या माणसाने चार ओळींत लिहिला होता आणि मी तो टाइप करून इतरांच्या डोक्यात मारत होते. सरांच्या दोरीला मात्र मी टोक धरलं होतं.

मी नोटीस काढली. प्लॉट अकरा. मालक, अध्यक्ष. रंगाऱ्याचे फोटो जोडले, वॉकरचा फोटो जोडला, बागेजवळच्या नोटिशीची प्रत जोडली. सही केली. एक प्रत बोर्डावर लावली, एक-एक प्रत कमिटीतल्या प्रत्येकाच्या हातात नेऊन दिली. वहिवाटीचा अर्ज आत्याच्या अंगठ्यानिशी तहसीलला दिला. हे सगळं एका दिवसात केलं, कारण रात्री झोपून उठले तर माझा धीर सुटेल हे मला ठाऊक होतं.

सर ऑफिसात आले. या वेळी हसत नव्हते. नोटीस टेबलावर टाकली.

"वई बांधणाऱ्याची पोरगी तू," म्हणाले. "मी तुला खुर्ची दिली."

"व्हय," मी म्हटलं. "वई बांधणाऱ्याचीच. तुमची जाळी हातभर आत घ्या."

ऑफिसात मी कधी व्हय म्हटलं नव्हतं. सात वर्षं हो, हो सर. ते तोंडातून आलं तेव्हा मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. फक्कीची पिशवी आणि दोरी मात्र उचलली. पिशवी मीच बाजारातून आणली होती.

बाच्याकडे गेले. त्याला म्हटलं, हात दे. त्याने कोपर जमिनीला टेकलं आणि पंजा ताठ केला. माझा हात त्याच्या हातापेक्षा दोन बोटं आखूड आहे, म्हणून मी बांबूची काठी त्याच्या हाताएवढी कापून घेतली. त्याची बोटं आता सरळ होत नाहीत. तरी त्याने ताणली.

मग मी सरांच्या बंगल्यात गेले. बोळातून नाही, पुढच्या गेटमधून. अंगणातून चालत गेले, हिरवळीवर उभी राहिले. जाळीपासून बाची काठी धरून आत मोजलं, दोरी ताणली, फक्की मारली. सरांची बायको ओटीवर आली. बाहेर हो म्हणाली, चप्पल घालून कुठे फिरतेस म्हणाली, पोलिसांना बोलावते म्हणाली. मी म्हटलं बोलवा. रेघ पूर्ण होईपर्यंत थांबले. जाळीपलीकडे आत्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. तिने विचारलं, काय करतेस गो? मी म्हटलं, हात सोडतेय आत्या. ती म्हणाली, आता सोडून काय, जाळी तर तिथंच हाय. बरोबर बोलली. जाळी तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पाइप लावून रेघ धुतली. मी पुन्हा मारली. पुन्हा धुतली. आज सातव्यांदा मारून आले. पोलीस एकदा आले, माझं नाव लिहून घेतलं, फौजदाराने नोटीस वाचली आणि भांडण आपसात मिटवा असं सांगितलं आणि ते निघून गेले. कमिटीतले दोघे आता माझ्याशी बोलत नाहीत. ज्या बाईला मी गोधडीवरून नोटीस दिली होती ती काल गेटशी उभी होती. ती मला बघून हसली नाही आणि मदतही करणार नाही म्हणाली. तिचं बरोबर आहे. नवरा घरात कमी बोलतो. एका पगारात भागवायचं आहे, त्यालाही भीती वाटते.

आत्याचे पाय रोज थोडे आणखी जातात. तहसीलची तारीख कधी लागेल ते कुणी सांगत नाही. जाळी हलली त्या दिवशी ती उठून चालेल की नाही मला ठाऊक नाही. नाही चालली तर ते माझ्यामुळे. सरांमुळेही, पण दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. बाने मला माफ केलंय का, मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. माफी मिळाली की मी पुन्हा खुर्चीवर जाऊन बसेन, मला मी ओळखते.

फक्कीची पिशवी दाराशी आहे, शेजारी बाच्या हाताची काठी. ते धुतील, मी मारीन. सकाळी सात वाजता, सगळे फिरायला निघतात तेव्हा, सगळ्यांच्या देखत. उद्याही जाणार आहे, आणि पुढच्या गेटमधूनच जाणार आहे.